मसाला पिकांची इंग्रजी नावे : शब्दांचा गोंधळ आणि पीक संरक्षण

कीडनाशकाची शिफारस पीक, कीड आणि मात्रा या तीन बाबींवर आधारलेली असते. पहिलीच बाब चुकली, तर पुढील दोन्ही अचूक असूनही फवारणी निष्फळ ठरते. कीटकनाशक अधिनियम, १९६८ नुसार कीडनाशकांचा वापर पीकनिहाय मंजूर केला जातो. त्यामुळे पिकाचे नाव हा केवळ भाषेचा विषय राहत नाही. मसाला पिकांविषयीची बरीचशी माहिती आपल्यापर्यंत इंग्रजीतून पोहोचते आणि या पिकांच्या इंग्रजी नावांत गोंधळ पुष्कळ आहे. प्रस्तुत लेखात त्यांपैकी काही नावांचा विचार केला आहे.

स्पाइस, हर्ब आणि काँडिमेंट

वनस्पतीचे वाळवलेले बी, फळ, साल किंवा कंद म्हणजे स्पाइस. स्वादासाठी वापरलेला हिरवा पाला म्हणजे हर्ब. काँडिमेंट या शब्दाने सामान्य इंग्रजीत ताटात वरून वाढून घेण्याचा तयार पदार्थ, उदाहरणार्थ केचप किंवा वाटलेली मोहरी, असा अर्थ सूचित होतो. भारतातील शास्त्रीय व प्रशासकीय लेखनात मात्र ‘स्पाइसेस अँड काँडिमेंट्स’ हा जोडशब्द मसाला पिकांसाठीच रूढ आहे. म्हणून परदेशी मजकुरात ‘मस्टर्ड’ हा शब्द आढळल्यास तेथे पिकाचा उल्लेख आहे की बाटलीतील पदार्थाचा, हे प्रथम पाहावे.

पेपर, चिली आणि कॅप्सिकम

सर्वाधिक घोटाळा येथे होतो. काळी मिरी (पायपर नायग्रम) ही पश्चिम घाटातील वेल आहे. मिरची (कॅप्सिकम ॲन्यूम) हे वांगी-टोमॅटोच्या कुळातील, मूळचे अमेरिका खंडातील झुडूप आहे. युरोपीय लोकांनी मिरचीचा तिखटपणा पाहून तिलाही ‘पेपर’ म्हटले. मराठीनेही मिऱ्यावरूनच मिरचीला नाव दिले. परंतु शब्दाचे रूप बदलल्यामुळे आपल्याकडे दोन्ही पिके वेगळी राहिली. कॅप्सिकम हे शास्त्रीय भाषेत मिरचीच्या संपूर्ण प्रजातीचे नाव आहे, तर भारतीय बाजारात त्याचा अर्थ केवळ ढोबळी मिरची असा होतो. पॅप्रिका म्हणजे गडद लाल रंगाच्या, सहसा सौम्य मिरचीची भुकटी.

या गोंधळाचा कीड ओळखीवर थेट परिणाम होतो. ‘पेपर वीव्हिल’ हा अमेरिका खंडातील मिरचीवरील भुंगा आहे. त्याचा काळ्या मिरीशी संबंध नाही. काळ्या मिरीचा प्रमुख शत्रू ‘पोल्लू’ भुंगेरा असून त्याची अळी दाणे आतून पोखरून पोकळ करते. ‘पेपर थ्रिप्स’ असा उल्लेख आल्यास दुप्पट सावध राहावे. काळ्या मिरीवरील फुलकिडे (लायोथ्रिप्स कार्नी) पानांच्या कडा गुंडाळून गाठी निर्माण करतात. मिरचीवरील फुलकिड्यांमुळे (सिर्टोथ्रिप्स डॉर्सॅलिस) पाने वरच्या बाजूस वळतात. मिरचीची पाने खालच्या बाजूस वळत असतील, तर कोळी असण्याची शक्यता अधिक. अशा वेळी कोळीनाशकाची शिफारस पाहावी लागते.

क्युमिन, कॅरावे आणि ‘ब्लॅक क्युमिन’

क्युमिन म्हणजे आपले जिरे (क्युमिनम सायमिनम), गुजरात-राजस्थानातील रब्बी पीक. कॅरावे (कॅरम कार्व्ही) हे थंड हवामानातील वेगळे पीक आहे. ‘ब्लॅक क्युमिन’ हे नाव हिमालयातील काळ्या जिऱ्याला (बुनियम पर्सिकम) आणि कलौंजीलाही (नायजेला सटायव्हा) दिले जाते. कलौंजीला इंग्रजी पाककृतींत ‘ओनियन सीड’ असेही म्हणतात. कांद्याच्या बियाण्याशी तिचे काहीही नाते नाही. शिवाय नायजेला आणि ‘नायजर’ हे उच्चार जवळचे वाटले, तरी नायजर म्हणजे आपले कारळे किंवा खुरासणी, सूर्यफुलाच्या कुळातील तेलबिया पीक. बियाणे मागवताना हा फरक ध्यानात न घेतल्यास संपूर्ण हंगाम वाया जाऊ शकतो.

कोरिअँडर आणि सिलँट्रो

येथे उलट स्थिती आहे : नावे दोन, वनस्पती एकच. अमेरिकी इंग्रजीत धने म्हणजे कोरिअँडर व कोथिंबीर म्हणजे सिलँट्रो. परंतु पीक संरक्षणाच्या दृष्टीने हा भेद उपयुक्तच आहे. कोथिंबीर कोवळी असतानाच काढली जाते व पानेच खाल्ली जातात. त्यामुळे फवारणी व काढणी यांतील प्रतीक्षा कालावधी काटेकोर पाळणे अत्यावश्यक ठरते. धन्याचे पीक फुलोऱ्यात येते, तेव्हा त्यावर मावा वाढतो आणि त्याच वेळी मधमाश्याही येतात. फुलोऱ्यात फवारणी शक्यतो टाळावी. अपरिहार्य असल्यास मधमाश्यांचा वावर थांबल्यावर, सायंकाळी करावी. धन्यासाठीची शिफारस कोथिंबिरीस जशीच्या तशी लागू करू नये.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी सूचना

१. इंग्रजी शिफारस मराठीत देताना पिकाचे शास्त्रीय नाव अवश्य पडताळावे.

२. उपयोगात येणारा भाग (पान, फळ, बी) आणि तो ओला की वाळलेला, याची नोंद करावी. अवशेषांची कमाल मर्यादा त्यानुसार बदलते. हिरवी व वाळलेली मिरची याचे ठळक उदाहरण आहे.

३. केवळ किडीच्या इंग्रजी नावावरून निदान करू नये; नुकसानीची लक्षणे पिकावर प्रत्यक्ष पाहावीत.

४. कीडनाशकाच्या लेबलवर आपले पीक व कीड या दोहोंचा उल्लेख असल्याची खात्री करूनच शिफारस करावी.