नको असलेले सेंट-डिओ घरात वापरताना

लग्नाचा आहेर, वाढदिवसाची भेट, कंपनीने दिवाळीला दिलेला गिफ्ट बॉक्स, गल्फमधून कुणी आणलेली बाटली. न आवडलेला सेंट, अर्धा राहिलेला डिओ, उग्र वासाचा म्हणून बाजूला पडलेला साबण आपल्या बहुतेक घरांत सापडतो. पैशांची वस्तू टाकवत नाही. मग ‘घरातच मारून संपवू’, ‘मच्छरच्या मशीनमध्ये भरू’, ‘दिव्यात दोन थेंब टाकू’ असे उपाय सुचतात. वस्तू वाया न घालवण्याची सवय चांगलीच आहे. परंतु यातले काही उपाय निर्धोक आहेत, तर काही जिवावर बेतणारे आहेत. तो फरक या लेखात समजून घेऊ.

बाटलीत काय असते?

सेंटच्या बाटलीत सुगंधी द्रव्य थोडे आणि अल्कोहोल जास्त, साधारण ७० ते ९० टक्के असते. अल्कोहोलची वाफ सुमारे १३ ते १७ अंश सेल्सिअस तापमानालाही ठिणगी मिळताच पेट घेऊ शकते. मुंबईतली थंडीची पहाटसुद्धा बहुधा याहून उबदार असते. म्हणजे आपल्याकडे सेंट बारा महिने पेट घेण्याच्या स्थितीत असतो.

डिओच्या पत्र्याच्या डब्यात आणखी एक गोष्ट असते. फवारा बाहेर ढकलण्यासाठी त्यात बहुधा ब्युटेन आणि प्रोपेन हे वायू दाबून भरलेले असतात. आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्येही हेच वायू असतात. म्हणूनच डब्यावर ‘५० अंशांपेक्षा जास्त उष्णतेपासून दूर ठेवा, भोक पाडू नका, जाळू नका’ असे छापलेले असते.

ओळखायची खूण सोपी आहे. एकदा दाबल्यावर एकच फवारा येऊन थांबला, तर तो पंप. दाबून धरेपर्यंत फवारा चालूच राहिला, तर तो गॅसचा डबा. गॅसचा डबा घरी कधीही उघडू नये, ठोकू नये, कापू नये.

नालासोपाऱ्यात काय घडले?

जानेवारी २०२५ मध्ये नालासोपारा पूर्वेला एका घरात सेंटच्या बाटल्यांवरील मुदतीची तारीख बदलण्याचे काम चालू असताना स्फोट झाला. एकाच कुटुंबातील चौघे जखमी झाले. त्यात दोन मुले होती. बाटल्या घरात उघडून त्यातला माल काढणे, दुसऱ्या बाटलीत ओतणे किंवा त्यावर काही कारागिरी करणे किती घातक ठरू शकते, हे यावरून समजावे. घरबसल्या मिळणारे पॅकिंगचे काम घेणाऱ्या भगिनींनी याची विशेष नोंद घ्यावी.

छोट्या घरात धोका मोठा

झोपु इमारतीतले घर २२५, २६९ किंवा अलीकडे ३०० चौरस फुटांचे. चाळीतली खोली त्याहूनही लहान. गॅसची शेगडी, झोपायची जागा, मुलांचा अभ्यास आणि बुद्ध-बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढची मेणबत्ती, सारे काही हातांच्या अंतरावर. अशा घरात पुढील गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात :

• वंदनेची मेणबत्ती, अगरबत्ती किंवा शेगडी पेटलेली असताना खोलीत सेंट किंवा डिओ मारणे.
• दिव्याच्या तेलात किंवा वितळलेल्या मेणात सेंटचे थेंब टाकणे.
• मच्छरच्या मशीनची रिकामी बाटली सेंटने भरणे. ते यंत्र वात तापवते आणि अल्कोहोलसाठी बनवलेलेच नसते.
• तापलेल्या बल्बवर किंवा इस्त्रीत सेंट टाकणे.
• वाफारा घ्यायच्या किंवा हवेत तुषार सोडणाऱ्या यंत्रात सेंट किंवा लोशन घालणे.
• पंख्याखाली टाल्कम पावडर उधळणे. टाल्कम ही दगडाची बारीक भुकटी आहे. ती लहान मुलाच्या फुप्फुसात जाता कामा नये.

मग वापरायचे कसे?

आम्ही एक साधा नियम सुचवतो : गरम करायचे नाही, फवारायचे नाही, थोडेच वापरायचे.

१) साबण : सर्वांत निर्धोक. जाळीदार कापडात किंवा कागदात गुंडाळून कपड्यांच्या कपाटात, गोधड्यांच्या पेटीत ठेवावा. आपल्या आया साबणाचे रिकामे वेष्टनही कपड्यांच्या घडीत ठेवत असत. नंतर तोच साबण हात धुवायला वापरता येतो.

२) पंपाचा सेंट : कापसाच्या बोळ्यावर चार-पाच थेंब घ्यावेत. विस्तवापासून लांब, गॅलरीत किंवा उघड्या खिडकीत बोळा पूर्ण वाळू द्यावा, म्हणजे अल्कोहोल उडून जाईल. मग तो पुरचुंडीत बांधून चपलांच्या रॅकमध्ये किंवा कपाटाच्या कोपऱ्यात ठेवावा. उशी, चादर आणि बाळाच्या कपड्यांपासून दूरच ठेवावा. जुन्या सेंटमधली काही द्रव्ये हवा लागून बदलतात आणि त्वचेवर पुरळ, खाज आणू शकतात.

३) शाम्पू, बॉडी वॉश : कंगवे, मोरी, बेसिन धुवायला वापरावेत. ब्लिचिंग पावडर किंवा अ‍ॅसिडमध्ये मात्र काहीही मिसळू नये.

४) खाण्याचा सोडा : वाटीभर सोडा उघडा ठेवला तर कपाटातला कुबट वास बराच कमी होतो. त्यात सेंट घालायची गरजही नाही. वाटीवर चिठ्ठी लावावी आणि ती मुलांच्या हाती लागू देऊ नये.

वास झाकू नका, कारण शोधा

सुगंधाने दुर्गंध जात नाही, फक्त झाकला जातो. पावसाळ्यात भिंतीला ओल येते, बुरशी धरते. त्यावर सेंट मारल्याने बुरशी मरत नाही. उलट दमेकऱ्याला बुरशीचाही त्रास आणि सेंटचाही. कांजूरमार्गच्या कचराभूमीचा वास विक्रोळीच्या रहिवाशांना इतका असह्य झाला की त्यांची तक्रार उच्च न्यायालयापर्यंत गेली. असा वास घरात फवारा मारून सुटणारा नाही. तिथे संघटित पाठपुरावाच हवा.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा गॅसचा. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. घरात दिवसभर सेंटचा घमघमाट असेल, तर हा इशारा नाकाला उशिरा कळू शकतो. म्हणून शेगडीजवळ आणि रात्री झोपण्यापूर्वी कोणताही सुगंध वापरू नये. गॅसचा वास आला तर विजेचे एकही बटण दाबू नये, चालूही नाही आणि बंदही नाही. रेग्युलेटर किंवा पाइपचा व्हॉल्व्ह बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि घराबाहेर जाऊन फोन करावा. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६, अग्निशमन दलासाठी १०१.

कोणी लांब राहावे?

दमा, ॲलर्जी, अर्धशिशी असलेली माणसे आणि तान्ही बाळे यांच्या खोलीत सुगंध नकोच. खोकला सुटणे, छाती भरणे, डोळे चुरचुरणे, डोके दुखणे यांपैकी काही झाले तर वस्तू बाहेर काढून खिडकी उघडावी. धाप थांबत नसेल तर थेट दवाखाना गाठावा.

टाकायचे कसे?

उरलेला सेंट मोरीत ओतू नये. मोरी आणि शेगडी जवळ असतील तर वाफ पेट घेऊ शकते. काचेची बाटली झाकण घट्ट लावून, जाड कागदात गुंडाळून द्यावी. डिओचा डबा मोकळ्या जागी, आगीपासून दूर, फवारा थांबेपर्यंत रिकामा करावा आणि सुक्या कचऱ्यात वेगळा द्यावा. शेकोटीत किंवा पेटत्या कचऱ्यात टाकलेला डबा बॉम्बसारखा फुटतो. हा कचरा पुढे कुणीतरी हाताने वेचते, निवडते. सफाई कामगार आणि कचरा वेचणाऱ्या भगिनींचे हात सांभाळणे ही आपली जबाबदारी आहे.

अपघात झालाच तर

भाजल्यास त्या जागेवर नळाचे साधे गार पाणी २० मिनिटे सोडावे. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई यांपैकी काहीही लावू नये. फोड फोडू नयेत. स्वच्छ कापडाने सैलसर झाकून रुग्णालयात न्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८. डोळ्यांत सेंट गेल्यास १५ मिनिटे पाण्याने धुवावेत. मुलाने सेंट प्यायल्यास उलटी करवू नये. अल्कोहोलमुळे लहान मुलाची रक्तातली साखर अचानक घसरू शकते. म्हणून बाटली सोबत घेऊन ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.

काटकसर हा आपल्या घरांचा गुण आहे. पण पन्नास-शंभर रुपयांचा डिओ वाचवताना घर आणि माणसे धोक्यात घालणे ही काटकसर नव्हे. शंका आली तर ती वस्तू वापरू नये. खिडकी उघडावी, ओल पुसावी, कचरा वेळेवर काढावा. घर ताजे ठेवायला बहुतेक वेळा एवढे पुरते.