शाळा सुटल्यानंतरच्या चार घटका

आज एका साध्या प्रश्नाचा विचार करू. खेड्यातली शाळा पाचच्या सुमारास सुटते. आईबाप शेतातून घरी येतात ते दिवेलागणीला. मधल्या ह्या चार घटकांत पोर कोणाचे? शाळेचे म्हणावे तर मास्तरांनी कुलूप लावले. घरचे म्हणावे तर घराला कडी आहे. मग ते पाराचे होते, पानाच्या टपरीचे होते, आणि अलीकडे मोबाइलचे होते. जी गत रोज संध्याकाळची, तीच मे महिन्याच्या सुट्टीची. फरक इतकाच की तेथे घटकांचे महिने होतात.

ह्यावर आपल्या संप्रदायात उपाय नवा नाही. सद्गुरू जोगमहाराजांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापिली. तेथला अभ्यासक्रम चार वर्षांचा. तेथे शिकून गेलेल्यांनी गावोगाव कीर्तने केली, तशी पोरांना जवळ बसवून टाळही धरायला शिकवले. आज उन्हाळ्यात ठिकठिकाणी जी बाल वारकरी शिबिरे भरतात, त्यांची मुळे ह्याच मातीत आहेत. पहाटे काकडा, मग व्यायाम, सकाळी गायन व मृदंग, दुपारी विश्रांती, संध्याकाळी हरिपाठ, पावली, रात्री कीर्तन, असा बहुधा दिवस जातो. गाव शिधा देते. कुठे एकेक आळी एकेक दिवसाची पंगत घेते.

ह्यात पोराला मिळते काय, ते नीट पाहू. पहिली गोष्ट पाठांतराची. हरिपाठ मुखोद्गत झाला की जिभेला वळण लागते, उच्चार स्वच्छ होतात, आणि चारचौघांत उभे राहून बोलायची भीड मोडते. दुसरी गोष्ट तालाची. मृदंगाचे बोल हाताने वाजवायचे तर आधी तोंडाने मोजून म्हणावे लागतात; त्यात हिशेब आहे, कान आहे, धीर आहे. पावलीत एकाचे पाऊल चुकले तर सारी रांग अडखळते, म्हणून शेजाऱ्याकडे लक्ष ठेवायची सवय लागते. तिसरी गोष्ट संगतीची. वरच्या आळीचे नि खालच्या आळीचे पोर एका ताटलीच्या अंतरावर जेवायला बसते.

ही तिसरी गोष्ट लहान समजू नये. १९४१ साली पुण्यात राष्ट्र सेवा दल उभे राहिले. त्याच्या शाखा संध्याकाळी मैदानावर भरत. खेळ, गाणी, बौद्धिक असा क्रम असे. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरी विठुरायाचे दार अस्पृश्य मानलेल्या बांधवांना उघडावे म्हणून साने गुरुजी उपोषणास बसले. त्यापूर्वी त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला, तेव्हा सेवा दलाची तरुण मंडळी त्यांच्याबरोबर होती. शाळा सुटल्यावर जी पोरे एकत्र खेळली, त्यांनाच पुढे एकत्र दर्शनाला उभे राहण्यात वावगे वाटले नाही. संध्याकाळच्या वेळेत एवढे सामर्थ्य आहे.

आता आमची एक चूक सांगतो. एका शिबिरात आम्ही शिकवायला होतो. पंधरा दिवस सरले. समारोपाला पोरांनी हरिपाठ असा म्हटला की म्हाताऱ्याकोताऱ्यांचे डोळे भरून आले. आम्ही मनात फुगलो. निघताना एका चुणचुणीत पोराच्या हाती छापील हरिपाठ दिला नि म्हटले, "बाळ, रोज एक पान वाच बरं का." पोराने पुस्तक उलटे धरले. वय अकरा. आम्ही विचारले, तेव्हा खाली मान घालून म्हणाले, "म्हाराज, ऐकून पाठ केलंय. अक्षरं न्हाई येत." आईबाप ऊसतोडीला जाणारे. दिवाळीच्या आसपास टोळी निघायची, परतायची ती उन्हाळ्यात. शाळेचे निम्मे वर्ष फडावर जायचे. पंधरा दिवस ते पोर आमच्यासमोर बसले, आणि आम्हांला पत्ता नाही!

त्या दिवसापासून आम्ही तीन नियम केले. ते वाचकांपुढे ठेवतो.

पहिला नियम: शिबिरात रोज एक तास अक्षरांचा. बीड, अहिल्यानगर ह्या भागांतली ऊसतोड कुटुंबे परत येतात तीच सुट्टीची वेळ. मुलांना मागे गावातच ठेवता यावे म्हणून हंगामी वसतिगृहांची सोय शासनाने केली आहे. तिची माहिती गावकऱ्यांनी आईबापांना द्यावी. पण जे पोर मागे पडलेच, त्याला सावरायला उन्हाळ्यासारखा काळ नाही. जो अभंग पाठ आहे तोच पुढे ठेवून बोट फिरवावे. शब्द ओळखीचा असतो, म्हणून अक्षर लवकर ओळखू येते.

दुसरा नियम: शिबिर हे बियाणे, रोजची संध्याकाळ हे पाणी. जूनमध्ये शाळा उघडली म्हणजे देवळात चार घटका चालूच राहाव्यात. आधी शाळेचा अभ्यास, मग हरिपाठ, मग घर. शिकवायला माणूस कोठला, असे कोणी विचारील. अहो, गावात निवृत्त मास्तर आहेत, टाळकरी आजोबा आहेत, बारावी झालेली लेकसून आहे. त्यांनाही संध्याकाळी कोणी हाक मारणारे हवेच असते. पोरांचे भले होता होता म्हातारपणाचे एकटेपणही उणे होते. आणि मुलींना वगळू नये. मुक्ताई-जनाईचे नाव घ्यायचे नि मुलीला मृदंगाजवळ येऊ द्यायचे नाही, हे जुळत नाही. त्यांना अंधार पडण्याआधी घरी पोचवण्याची सोय मात्र करावी.

तिसरा नियम जरा कडू आहे, पण बोललाच पाहिजे. आईबाप विश्वासाने पोर हवाली करतात. त्या विश्वासाला माळ पुरेशी नाही, व्यवस्था हवी. एकाच मोठ्या माणसाजवळ मूल एकटे ठेवू नये. रात्री मुलींजवळ बायका असाव्यात. आईबापांना केव्हाही येऊन पाहता यावे. छडी नको, शाळेत मारण्यास २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मनाई आहे, मग देवळात ती मोकळीक कशी असेल? लैंगिक अत्याचारापासून मुलांना संरक्षण देणारा २०१२ चा कायदा आहे. तशी तक्रार ऐकली तर महाराज कितीही मोठे असोत, ती दडपणे हा अपराध आहे. संप्रदायाची अब्रू पोराला गप्प बसवून राहत नाही, त्याचे ऐकल्याने राहते.

असो. खर्च फार नाही: एक दिवा, एक सतरंजी, चार टाळ, एक फळा, आणि रोज यायचा नेम. एकादशीचा नेम आपण चुकवीत नाही. पोरांच्या संध्याकाळचाही नेम धरावा.

त्या मुलाचे सांगायचे राहिले. पुढल्या उन्हाळ्यात टोळी परतली तेव्हा ते आपण होऊन आले. रोज तास बसले. समारोपाला त्याने पाठ म्हटले नाही. पुस्तक सरळ धरले, आणि बोट ठेवून, अडखळत, एक अभंग वाचला. टाळ्या कमी पडल्या. आम्हांला मात्र त्या वर्षीचे शिबिर तेवढ्यात पावले.

रामकृष्णहरि.