गर्भाच्या हृदयाचे ठोके

आईच्या पोटातील बाळ सुखरूप आहे किंवा नाही, हे ओळखण्याचे मुख्य साधन पूर्वी एकच होते. ते म्हणजे आईला जाणवणारी बाळाची हालचाल. १८२१ साली फ्रेंच डॉक्टर केर्गारादेक यांनी एका गर्भवतीच्या पोटाला स्टेथोस्कोप लावला. त्यांना गर्भजलाचा आवाज ऐकावयाचा होता. प्रत्यक्षात ऐकू आली ती घड्याळासारखी टिकटिक, आईच्या नाडीच्या जवळजवळ दुप्पट वेगाची! ठोक्यांच्या बदलावरून बाळाची प्रकृती कळू शकेल, हेही त्यांनी तेव्हाच सुचविले. पुढे त्याच देशातील पिनार यांनी याच कामासाठी कर्ण्याच्या आकाराची साधी नळी प्रचारात आणली.

बाळाचे ठोके मिनिटाला साधारणतः ११० ते १६० असतात. प्रसूतीच्या प्रत्येक कळेबरोबर गर्भाशय आवळते आणि वारेकडे जाणारे रक्त काही क्षण कमी होते. सुदृढ बाळ हे सहन करते. परंतु कळ ओसरल्यावरही ठोके मंदच राहिले, तर प्राणवायू अपुरा पडत असल्याची शंका घ्यावी लागते. म्हणून कळ ओसरताच पूर्ण एक मिनिट ठोके मोजतात. त्याच वेळी आईची नाडीही पाहतात, नाहीतर तिचेच ठोके बाळाचे समजले जाण्याचा धोका असतो.

मग अखंड आलेख काढणारे यंत्र अधिक चांगले नव्हे काय? डब्लिन येथे सुमारे १३,००० प्रसूतींची तुलना करण्यात आली व १९८५ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. यंत्र लावलेल्या गटात झटके आलेली नवजात बालके १२, तर ठराविक वेळाने कानाने ठोके ऐकलेल्या गटात २७ होती. मृत्यू मात्र दोन्ही गटांत सारखेच, १४ होते. अशा अनेक अभ्यासांचा एकत्र विचार करता, यंत्रामुळे सिझेरियन शस्त्रक्रियांचे प्रमाण वाढते असे दिसते. कारण आलेखातील प्रत्येक चढउतार संकटाचा नसतो, पण घाबरवतो मात्र नक्की.

म्हणूनच निरोगी स्त्रीच्या प्रसूतीत अखंड यंत्र न लावता ठराविक अंतराने ठोके ऐकावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१८ ची शिफारस आहे. पहिल्या अवस्थेत कळांचा जोर वाढल्यावर दर १५ ते ३० मिनिटांनी आणि दुसऱ्या अवस्थेत दर ५ मिनिटांनी. जोखमीच्या प्रसूतीत यंत्राचे स्थान वेगळे.

याचा अर्थ, नळी स्वस्त असली तरी ही पद्धत स्वस्त नाही. दर ५ मिनिटांनी ऐकावयाचे, तर त्या आईजवळ एक जाणती परिचारिका सतत हवी. जिथे वीज जाते, यंत्र बिघडते, तिथेही नळी चालते. ऐकणारे माणूसच नसेल, तर दोन्ही निरुपयोगी होत.