सॉफ्टवेअरमधील तांत्रिक ऋण व त्याची खतावणी

आपल्या पेढ्यांवरील कीर्द-खतावणीची जागा आता बव्हंशी संगणकाने घेतली आहे. वहीचे पान आपणांस वाचता येत असे. बिले करणारा प्रोग्राम आतून कसा लिहिला आहे, हे मात्र आपणांपैकी फार थोड्यांस ठाऊक असते. त्या आतील लिखाणावर एक प्रकारचे देणे साठत जाते. त्यास ‘तांत्रिक ऋण’ म्हणतात. ते कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही, आणि फेडावे मात्र प्रोग्राम वापरणाऱ्यासही लागते. म्हणून व्यापारी बंधूंनी त्याचा परिचय करून घेणे अगत्याचे आहे.

ही उपमा अमेरिकेतील वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ साली योजिली. गुंतवणुकीचा हिशेब ठेवणारे सॉफ्टवेअर ते त्या वेळी तयार करीत होते. काम लवकर हाती यावे म्हणून आजच्या समजुतीप्रमाणे प्रोग्राम लिहिला, तर थोडे ऋण होते व ते लाभदायकही ठरते. परंतु समज वाढल्यावर लिखाण सुधारले नाही, तर पुढील प्रत्येक कामावर व्याज चढते, असा त्यांचा आशय होता. गचाळ कामास त्यांनी कधीच मुभा दिली नव्हती. हुंडीवर माल उचलणे निराळे आणि मालच सडका भरणे निराळे.

सन २००० च्या वेळचा घोटाळा हे याचे सर्वांत मोठे उदाहरण होय. संगणकातील जागा महाग होती, म्हणून वर्षाचे दोनच आकडे लिहिण्याची पद्धत पडली; त्या बचतीची फेड पुढे साऱ्या जगास करावी लागली.

आता आपल्याच धंद्यातील गोष्ट पाहू. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या बंद व लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर पाच टक्के जीएसटी लागू झाला. त्यापूर्वी ब्रँड नसलेल्या अशा मालावर कर नव्हता. समजा, ‘कर नाही’ ही गोष्ट प्रोग्राममध्ये बिलात, माल-परतीच्या चिठ्ठीत, वखारीच्या नोंदीत व मासिक विवरणात अशी चार ठिकाणी निरनिराळी लिहिलेली होती. तीन ठिकाणी दुरुस्ती झाली, चौथे राहून गेले, तर बिल एक सांगते व विवरण दुसरे. नियम एकाच जागी लिहून चौघांनी तेथूनच घ्यावयाचा, ही फेड अगोदर झाली असती तर हा प्रसंग येता ना.

या ऋणाच्या व्यवस्थेची साधने आज पुष्कळ आहेत. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली केलेले ‘गिट’ हे एक प्रकारे रोजमेळच होय. कोणती ओळ कोणी, केव्हा बदलली, ते त्यात राहते. लिखाण तपासणारी यंत्रे निराळी. बेल प्रयोगशाळेत १९७८ साली ‘लिंट’ तयार झाले; अलीकडचे ‘सोनारक्यूब’ एकच मजकूर कोठे दोनदा लिहिला आहे, कोठे गुंतागुंत आहे, हे शोधून दुरुस्तीस किती तास वा दिवस लागतील याचा अंदाजही मांडते. अदृश्य देणे खात्यावर चढते, हा त्याचा मोठा गुण.

परंतु त्या आकड्यावर सर्वस्वी विसंबू नये, असे माझे मत आहे. ‘२५ किलोपर्यंत’ याऐवजी ‘२५ किलोपेक्षा कमी’ असे लिहिले गेले, तर लिखाण दिसावयास निर्दोष असते व तपासणी यंत्र काहीच बोलत नाही. बरोबर २५ किलोच्या कट्ट्यावरील कर मात्र बुडतो. ही चूक नमुना-चाचण्यांत सापडते. एक कट्टा २५ किलोचा, एक ३० चा, एक गिऱ्हाईक बोथचे म्हणजे राज्य-क्रमांक ३६, दुसरे किनवटचे म्हणजे २७, एक परत आलेला माल. अशी उत्तरांसहित बिले तयार ठेवून प्रत्येक बदलानंतर यंत्राकडून ती आपोआप ताडून घ्यावयाची. माझ्या दृष्टीने सर्व साधनांत हे श्रेष्ठ, कारण जुने लिखाण मोडून नीट करण्याचे धैर्य यामुळेच येते.

वार्षिक करार नवा करताना प्रोग्राम देणाऱ्याकडे राहिलेल्या दुरुस्त्यांची लेखी यादी मागावी, आणि दरमहाच्या कामापैकी काही भाग तिच्या फेडीकडे लावण्याचे कलम घालून घ्यावे. नमुना बिले मात्र आपल्याच मुनीमाकडून करवून द्यावीत. किनवटच्या गिऱ्हाइकाचा परत आलेला कट्टा कसा जमा करावयाचा, हे त्यासच ठाऊक असते.