मामाची चंची आणि माझी गाठ

हायडेलबर्गहून मी घरी कॅन्सरचं सांगितलं, तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, "तूही मामासारखं खायला लागलास का रे?" मामा बार्शीचा. खिशात चंची, डाव्या गालात कायम तंबाखूची चिमूट. त्याच गालाला कॅन्सर झाला आणि अर्धा जबडा गेला. मी तर सुपारीलाही शिवलो नव्हतो.

१. गाठ दुखत नाही म्हणून गप्प बसू नका. माझी गाठ दाढी करताना हाताला लागली, जबड्याखाली, जांभळाएवढी. एका डॉक्टरांनी सर्दीवर ढकलून अँटिबायोटिक दिलं. त्यात दोन महिने गेले. मूळ निघालं उजव्या टॉन्सिलमध्ये, आणि घशाची तर काडीचीही तक्रार नव्हती.

२. जागा विचारा. "तोंडाचा कॅन्सर" हे उत्तर अपुरं आहे. गाल, हिरड्या, जिभेचा पुढचा भाग हा मुख्यतः तंबाखूचा मुलूख. तिथे एचपीव्ही हा विषाणू क्वचितच दोषी असतो. टॉन्सिल आणि जिभेचं मूळ मात्र या विषाणूच्या आवडीचं. माझ्या बायोप्सीत 'पी-१६ पॉझिटिव्ह' लिहून आलं. विषाणू पेशीचा एक ब्रेक निकामी करतो, मग पेशी दुसरा दाबत राहते. त्या दुसऱ्या ब्रेकचं प्रथिन म्हणजे पी-१६. खुद्द विषाणूचीही तपासणी करून घ्या, कारण कधीकधी पी-१६ असतं आणि विषाणू नसतो, मग भरवसा कमी होतो. फरक किती? २०१० च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात घशाच्या या भागातले एचपीव्हीवाले रुग्ण तीन वर्षांनी ८२ टक्के हयात होते, बाकीचे ५७ टक्के. म्हणूनच २०१७ च्या वर्गवारीत यांचे टप्पे वेगळे केले. गळ्यात एकाच बाजूला दोन लहान गाठी असलेला मी जुन्या हिशेबाने चौथ्या टप्प्यात होतो, नव्याने पहिल्या. आई म्हणाली, "म्हणजे तीन इयत्ता खाली आलास!"

अर्थात, कॉलेजातल्या सिगारेटी डॉक्टरांनी मोजून विचारल्या. धूर असेल तर हा फायदा घटतो.

३. "चांगला कॅन्सर" ऐकून उपचारात सूट मागू नका. सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाऐवजी सौम्य वाटणारं सेटुक्सिमॅब देऊन पाहिलं गेलं. २०१८ मध्ये निकाल आले, त्यात जगणारे कमी भरले. मी मुकाट्याने सिस्प्लॅटिन आणि ३५ वेळा किरणांचा शेक घेतला. डोक्यावर जाळीचा मुखवटा बसवून टेबलाला खटाखट अडकवतात. ट्रामने घरी येताना कपाळावर जाळीचे चौकोन उमटलेले असत. समोरचं पोर ते बोटाने मोजत होतं. (शेकाआधी दातवाल्याकडे जाऊन या. नंतर दात काढणं जबड्याला महागात पडतं.)

४. घरात विषाणूचं नाव सांगणं रेडिएशनपेक्षा अवघड. तो जवळिकीतून येतो. बायकोने दोन दिवस काहीच विचारलं नाही, मग विचारलं. डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना बसवून सांगितलं: बहुतेकांना आयुष्यात कधीतरी तो लागतो, बहुतेकांचा आपोआप जातो, आणि राहिला तर कॅन्सर व्हायला कित्येक वर्षं लागतात. कुणाकडून, कधी, हे कुणीच सांगू शकत नाही. बायको म्हणाली, "बरं." त्या 'बरं'चा अर्थ मी अजून विचारलेला नाही.

५. मुलग्यालाही एचपीव्हीची लस द्या. टॉन्सिलमध्ये बहुधा सापडणारा १६ नंबरचा प्रकार हाराल्ड त्सुर हाउसेन यांच्या गटाने १९८३ मध्ये वेगळा काढला, तो गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमधून. पुढे वीस वर्षं ते आमच्याच गावातल्या कॅन्सर संशोधन केंद्राचे प्रमुख होते. २००८ मध्ये नोबेल मिळालं. विषाणूचं नाव गर्भाशयमुखाशी जोडलं गेल्यामुळे लसीची 'मुलींची लस' अशीच ओळख झाली. जर्मनीत २०१८ पासून ९ ते १४ वर्षांच्या मुलग्यांनाही तिची शिफारस आहे, दोन डोस. आमच्या तेरा वर्षांच्याला दोन्ही झाले.

६. लाळ आटली की पोळी घशाखाली जात नाही. ती आमटीत चुरून, वर तूप सोडून, दहा मिनिटं झाकून ठेवायची. हे मला इथल्या कुठल्याच माहितीपत्रकात सापडलं नाही. मामाने व्हिडिओ कॉलवर स्वतःचं ताट कॅमेऱ्यासमोर धरून दाखवलं.