आंधी आणि तिचा अंदाज

लखनौच्या वायव्येस मलिहाबादच्या आमराया आहेत. वैशाखात तेथील दसहरी आंब्याच्या कैऱ्या भरू लागतात, आणि नेमक्या याच दिवसांत बागवानाची नजर वारंवार पश्चिम क्षितिजाकडे वळते. दुपारभर लू वाहत असते. पारा ४० अंश सेल्सियसच्या वर गेलेला असतो. आकाश धुळीने फिकट झालेले असते. चार-पाचच्या सुमारास वारा एकाएकी पडतो. झाडाचे पानही हलत नाही. मग पश्चिमेस तपकिरी रंगाची एक भिंत उभी राहिल्यासारखी दिसते. पाहता पाहता ती जवळ येते, दिवसाउजेडी काळोख होतो आणि पहिल्या झोताबरोबर झाडांखाली कैऱ्यांचा सडा पडतो. धुळीमागून कधी टपोऱ्या थेंबांचा पाऊस येतो, कधी गारा, तर कधी नुसताच गडगडाट. तासाभरात सर्व शांत होते व हवा सुखद गार होते. उत्तर भारतात या वादळाला 'आंधी' म्हणतात.

मराठी वाचकाला हे वर्णन वळवाच्या पावसाची आठवण करून देईल, आणि ते योग्यच आहे. आपला वळीव, बंगालमधील काळबैसाखी व अयोध्या-आग्रा प्रांतातील आंधी ही एकाच कुळातील भावंडे होत. फरक आहे तो जमिनीलगतच्या हवेचा. बंगालमध्ये ही हवा दमट असते, म्हणून तेथे वादळाबरोबर भरपूर पाऊस पडतो. गंगा-यमुनेच्या वरच्या मैदानात ती कोरडी असते, म्हणून तेथे पाऊस थोडा आणि वारा फार. आंधीचे सारे वैशिष्ट्य व तिचा सारा धोका या एका गोष्टीतून निघतो, तेव्हा ती थोडी तपशिलाने पाहू.

गडगडाटी वादळ निर्माण होण्यास तीन गोष्टी लागतात: हवेत बाष्प, हवेच्या थरांत अस्थिरता आणि ती हवा वर लोटणारे काही निमित्त. उन्हाळ्यात तापलेल्या मैदानावर अस्थिरतेची वाण नसते. जमिनीजवळची हवा तापून वर चढते आणि चढताना दर किलोमीटरला सुमारे दहा अंशांनी थंड होत जाते. बाष्प येते ते पूर्वेकडून. बंगालच्या उपसागरावरील दमट वारा गंगेच्या खोऱ्यातून वर सरकत लखनौपर्यंत पोचतो. तेथील लोक त्याला 'पुरवा' म्हणतात. पश्चिमेकडून येणाऱ्या कोरड्या 'पछुवा'शी त्याची जेथे गाठ पडते, ती सीमा कधी लखनौच्या पूर्वेस असते, तर कधी पश्चिमेस. निमित्त बहुधा पुरवते ते भूमध्य समुद्राच्या बाजूने इराण-अफगाणिस्तानावरून येणारी हवेच्या कमी दाबाची लाट. हवामानशास्त्रज्ञ तिला पश्चिमी विक्षोभ म्हणतात. हिवाळ्यात हीच लाट हिमालयात बर्फ आणि पंजाबात गव्हाला उपकारक असा पाऊस देते. चैत्र-वैशाखात ती येते तेव्हा खाली तापलेली जमीन असते, आणि तिच्या येण्याचा परिणाम अगदी वेगळा होतो.

वर चढणाऱ्या हवेतील बाष्पाचे पुरेशा उंचीवर सांद्रीभवन होते. त्या वेळी मोकळी होणारी सुप्त उष्णता हवेला आणखी वर ढकलते, आणि बारा ते पंधरा किलोमीटर उंचीचा गर्जन्मेघ उभा राहतो. लखनौकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की या मेघाचा तळ कधी कधी जमिनीपासून तीन किलोमीटरवर असतो. मेघातून पाऊस पडू लागतो खरा, पण या तीन किलोमीटरच्या कोरड्या हवेतून खाली येताना त्यातील पुष्कळसे पाणी वाटेतच वाफ होऊन जाते. बाष्पीभवनाला उष्णता लागते व ती भोवतालच्या हवेतूनच घेतली जाते. एक किलोग्रॅम हवेत एक ग्रॅम पाण्याची वाफ झाली, तर ती हवा सुमारे अडीच अंशांनी थंड होते. चार ग्रॅम पाण्याची झाली तर दहा अंशांनी. अशी थंड, म्हणून जड झालेली हवा दगडासारखी खाली कोसळते, जमिनीवर आदळते आणि चहूकडे पसरते. तिची आघाडी म्हणजेच ती तपकिरी भिंत. जो पाऊस जमिनीपर्यंत पोचलाच नाही, तोच या वाऱ्याचा जनक असतो. आंधी येऊन गेली पण पाऊस पडला नाही, अशी तक्रार लखनौत नेहमी ऐकू येते. तिचे उत्तर हे आहे.

वारा एकाएकी ताशी किमान ३० किलोमीटरने वाढून सुमारे ४० किलोमीटर किंवा त्याहून अधिक झाला आणि निदान एक मिनिटभर तसाच टिकला, तर त्याला चंडवात म्हणतात. आंधीत हा वेग सत्तर-ऐंशी किलोमीटरपर्यंत सहज जातो, क्वचित शंभराच्या पुढेही.

गारांचे वादळ तुलनेने विरळ. पण या प्रदेशातील एका गारपिटीची नोंद जगाच्या इतिहासात झालेली आहे. ३० एप्रिल १८८८ रोजी मुरादाबाद व त्याच्या आसपास गारांच्या वर्षावात २४६ माणसे मृत्युमुखी पडली. जागतिक हवामान संघटनेने २०१७ साली हवामानामुळे ओढवलेल्या सर्वाधिक प्राणहानीच्या घटनांची यादी प्रसिद्ध केली, तेव्हा गारपिटीच्या सदरात हीच घटना तिने मान्य केली. मेले ते मुख्यतः उघड्यावर सापडलेले लोक. त्या वेळी भारतीय हवामान खाते अवघे तेरा वर्षांचे होते; १८७५ साली ते स्थापन झाले. तारायंत्राने आलेल्या दाब-तापमानाच्या आकड्यांवरून नकाशा काढणे एवढेच त्याच्या हाती होते. काही तासांत जन्मून मरणारे वादळ अशा नकाशाच्या जाळ्यातून मासळीसारखे निसटून जाई.

आज हे जाळे पुष्कळ बारीक झाले आहे, तरी त्याची वीण सर्वत्र सारखी नाही, आणि अंदाज वाचणाऱ्याने हे ध्यानात ठेवले पाहिजे. आदल्या दिवशी दिलेला अंदाज व वादळाच्या दोन तास आधी दिलेला इशारा यांत केवळ वेळेचा नव्हे, तर जातीचा फरक आहे.

आदल्या दिवशी वेधशाळेला काय ठाऊक असते? पश्चिमी विक्षोभ कोठे आहे, पुरवा कोठवर आला आहे व हवेचे थर कितपत अस्थिर आहेत, एवढे. यांपैकी तिसरी गोष्ट फुग्यावरून कळते. लखनौच्या अमौसी विमानतळावरील वेधशाळेतून हायड्रोजनने भरलेला फुगा आपल्याबरोबर छोटी उपकरणे घेऊन वर जातो आणि निरनिराळ्या उंचीवरील तापमान, आर्द्रता व वारा रेडिओने खाली कळवतो. हे आकडे एका विशिष्ट आलेखावर मांडले, की कोणत्या थरातील हवा थोडी ढकलताच वर सुटेल, हे दिसते. या 'सुप्त अस्थिरते'चा शास्त्रीय विचार करण्यात सर चार्ल्स नॉर्मंड यांचा मोठा वाटा आहे. ते भारतीय हवामान खात्याचे प्रमुख होते, आणि १९२८ साली खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले ते त्यांच्याच कारकिर्दीत. पुण्यातील त्या वास्तूला लोक अजूनही 'सिमला ऑफिस' म्हणतात.

परंतु हवा ज्वालाग्राही आहे हे कळले, तरी ठिणगी कोठे पडेल हे त्यावरून कळत नाही. एका मेघाचा विस्तार दहा-पंधरा किलोमीटर आणि आयुष्य फार तर तासाभराचे. म्हणून आदल्या दिवसाचा अंदाज जिल्ह्यांविषयी व शक्यतेच्या भाषेत बोलतो. आकाशवाणीवर 'तुरळक ठिकाणी' हे शब्द आपण इतक्या वेळा ऐकतो की त्यांचा अर्थ विचारायचे राहून जाते. त्यांना नेमके माप आहे. एखाद्या विभागातील पाव किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर 'तुरळक ठिकाणी'. पाव ते निम्म्या केंद्रांवर असेल तर 'काही ठिकाणी'. निम्म्याहून अधिक पण पाऊणपर्यंत असेल तर 'बऱ्याच ठिकाणी'. तुरळक म्हणजे सौम्य नव्हे. चारांतील एका गावी येणारे वादळ त्या गावापुरते पूर्ण वादळच असते.

दुपार कलली की चित्र बदलते. लखनौला डॉप्लर रडार आहे. त्यातून निघणाऱ्या रेडिओलहरी मेघातील थेंबांवर व गारांवर आपटून परत येतात. परतणाऱ्या लहरींच्या तीव्रतेवरून मेघात किती पाणी आहे ते समजते, आणि त्यांच्या कंपनसंख्येत पडलेल्या फरकावरून ते पाणी रडारकडे येत आहे की दूर जात आहे, व किती वेगाने, तेही समजते. जवळून जाणाऱ्या आगगाडीच्या शिटीचा सूर बदलतो, तेच हे तत्त्व. ऑस्ट्रियाच्या ख्रिश्चन डॉप्लर यांनी ते १८४२ साली मांडले.

समजा, सायंकाळी पाच वाजता हरदोईवर मेघांची एक रांग दिसली. हरदोई लखनौपासून सुमारे शंभर किलोमीटर. रांग ताशी पन्नास किलोमीटरने आग्नेयेकडे सरकत असेल, तर ती सातच्या सुमारास लखनौला पोचेल. हे दोन तास म्हणजेच अंदाजाचे खरे धन. पण त्यातही कपात आहे. पृथ्वीच्या गोलाईमुळे रडारचा किरण दोनशे किलोमीटरवर पोचेपर्यंत जमिनीपासून सुमारे चार किलोमीटर वर गेलेला असतो. दूरच्या मेघाचा माथा त्याला दिसतो, पण पायथ्याशी धावणारी धुळीची भिंत दिसत नाही. शिवाय मेघ वाटेत विरू शकतो, किंवा त्याच्या थंड हवेने पुढची गरम हवा उचलली जाऊन मलिहाबादवर अगदी नवा मेघ उभा राहू शकतो. तेव्हा दोन तासांची सूचना कधी अर्ध्या तासावर येते. यामुळेच वेधशाळा तीन तासांपुरते तात्कालिक अंदाज काढते व ते पुन:पुन्हा सुधारते. दुपारी एकदा ऐकलेला अंदाज संध्याकाळी शिळा झालेला असतो.

या इशाऱ्यांना आता रंग दिलेले असतात. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. तांबडा म्हणजे कृती करा. रंग केवळ वाऱ्याचा वेग सांगत नाही. वादळ येण्याची संभाव्यता आणि त्याने होणारे नुकसान, या दोहोंचा मेळ घालून तो ठरतो.

आता इशारा देणाऱ्याची अडचण पाहा. २ मे २०१८ रोजी सायंकाळपासून रात्रीपर्यंत राजस्थानातील अलवर, भरतपूर, धौलपूर आणि उत्तर प्रदेशातील आग्रा या जिल्ह्यांवरून आंधी गेली. दोन्ही राज्ये मिळून शंभराहून अधिक लोक मरण पावले; सर्वाधिक हानी आग्रा जिल्ह्यात झाली. पुष्कळसे मृत्यू विजेने किंवा पावसाने झालेले नव्हते. रात्रीची वेळ होती, माणसे झोपलेली होती आणि भिंती, छपरे व झाडे त्यांच्यावर कोसळली. या घटनेने सगळेच सावध झाले. पुढच्या आठवड्यात पुन्हा इशारा निघताच हरियाणा सरकारने ७ व ८ मे रोजी शाळा बंद ठेवल्या. धास्ती होती तेवढे वादळ त्या दोन दिवसांत आले नाही, आणि वेधशाळेची थोडी थट्टाही झाली. १३ मे रोजी मात्र वादळ आलेच; दिल्लीत वाऱ्याचा वेग ताशी १०९ किलोमीटरवर गेला आणि उत्तर प्रदेशात पुन्हा बरीच माणसे दगावली. इशारा पोकळ ठरला तर पुढच्या खेपेस लोक ऐकत नाहीत. न दिला तर माणसे मरतात. या दोहोंतून सुटका करणारे गणित अद्याप कोणाला सापडलेले नाही. माझ्या मते दोन पोकळ इशाऱ्यांची थट्टा सोसणे हा त्यातला स्वस्त सौदा आहे.

दुसरी अडचण इशारा पोचण्याची. संध्याकाळी सात वाजता निघालेली सूचना जिल्हा कचेरीतून तहसिलीत, तेथून गावात जायची. तोवर उन्हाळ्याच्या दिवसांत अर्धे गाव अंगणात किंवा गच्चीवर खाटा टाकून आडवे झालेले असते. आता मोबाइल फोनवर थेट संदेश पाठवता येतो, व पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विजेसाठी 'दामिनी' नावाचे साधन तयार केले आहे. ते आपल्यापासून वीस व चाळीस किलोमीटरच्या परिघात वीज पडत असल्यास सूचना देते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे देशात गेली अनेक वर्षे दर वर्षी दोन हजारांहून अधिक लोक विजेला बळी पडतात. त्यांत शेतात काम करणारे व झाडाखाली आसरा घेणारे फार. ज्याच्यापाशी असे साधन नाही, त्याच्यापाशी डोळा व कान आहेत. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत व त्यांना तीनने भागावे. येईल तितके किलोमीटर वीज दूर. आकडा तीसच्या आत असेल, म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत असेल, तर पक्क्या इमारतीत जावे. भिंत मातीची असेल तर तिच्याजवळ खाट टाकू नये. झाडाखाली तर नाहीच.

हरदोईकडून निघालेली ती रांग लखनौवरून गेली, की अमौसीच्या वायुभारमापकात दाब एकदम काही मिलिबारने चढलेला आढळतो आणि तापमान दहा-बारा अंशांनी उतरलेले. शहरात लोक बाहेर येऊन वीज आली का, म्हणजे दिव्यांची वीज, याची चौकशी करू लागतात. वेधशाळेत मात्र पडद्यावर रांग आता बाराबंकीवर असते, आणि अयोध्येसाठी पुढच्या तीन तासांचा मजकूर लिहिण्यास सुरुवात झालेली असते.