पाळी चुकण्याआधी

विदर्भातल्या अमडापूरच्या पंचक्रोशीत आरोग्यसेविका म्हणून फिरताना हळूहळू उमगलेलं थोडंसं.

१. आमचं रजिस्टर बाईला उशिरा ओळखतं. पाळी चुकली की नाव चढतं, मग गोळ्या, वजन, इंजेक्शन. पण बाळाचा मेंदू आणि मणका ज्यातून घडतो, ती नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांच्या आत मिटते. म्हणजे बाई आमच्यापर्यंत येते तोवर, ती नळी नीट मिटायला मदत करणाऱ्या फॉलिक ॲसिडची खरी वेळ बहुतेकदा निघून गेलेली असते. प्रशिक्षणात हे घोकलं होतं. लग्नसराईत त्याचा अर्थ कळला: नवी नवरी माहेरच्या यादीतून निघते आणि गरोदर होईपर्यंत सासरच्या कुठल्याच यादीत नसते.

२. 'मूल कधी हवं?' हा प्रश्न कागदावरच सोपा. सासू ओसरीवर शेंगा निवडतेय, दीर मोबाइलमध्ये मान घालून बसलाय, सून पदराचं टोक बोटाला गुंडाळतेय, अशा वेळी तो विचारून बघा! माझं सगळं वक्तृत्व तिथं आटतं. म्हणून मी आता हिमोग्लोबिनपासून सुरुवात करते. सुनेच्या बोटाला सुई टोचली की सासूही हात पुढे करते, "माहं बी पाहून घे वं, बाई." तिचा आकडा सुनेपेक्षा खाली निघाला की घरातलं वारंच फिरतं. मला वाटायचं, सासूला वळसा घालूनच आत शिरावं लागेल. निघाली तीच माझी वकील. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांचं रक्त कमी निघालं. तेव्हा हा विषय एकट्या सुनेचा नाहीच.

३. लोहाची गोळी हातात पडली म्हणजे पोटात गेली असं नाही. मळमळतं, शौचाला काळं होतं, आणि 'बाळ मोठं होईल, बाळंतपण जड जाईल' ही भीती. निंदणाला निघायच्या घाईत कुणी ती चहासोबत घेते, आणि चहा लोह अंगी लागू देत नाही. रात्री जेवणानंतर घे, एवढं सांगायला मला अर्धी दुपार लागते.

४. नवऱ्याला विसरून चालत नाही. आमच्या सभा दुपारच्या, तो भेटतो संध्याकाळी पारावर. विदर्भात सिकलसेल आहे, तो मुलात उतरतो आई-बाप दोघांकडून, म्हणून तपासणी दोघांचीही हवी. ती फक्त बायकोची करून काय उपयोग?

५. आपल्याच राज्यात, नाशिकच्या पेठ आणि सिन्नर तालुक्यांत गर्भ राहण्याआधीच काळजी घेण्याचं हे काम करून पाहिलं गेलंय. पुढे राज्यभर २६ सप्टेंबर २०२२ पासून 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' मोहिमेत अठरा वर्षांवरच्या बायकांची तपासणी सुरू झाली. तो नवरात्रीचा पहिला दिवस. इथं तेव्हा गावच्या बल्लाळदेवीच्या दर्शनाला रीघ लागते. अशा मोहिमांनाही गर्दी होते, पण नवी सून रांगेत येत नाही. तिच्यासाठी आशाताईलाच उंबरठ्यावर दोनदा-तीनदा जावं लागतं. धोरण चालतं ते तिच्या पायांवर, आणि मानधन ठरवताना नेमकं हेच कुणाला आठवत नाही.

६. यंदा तुळशीच्या लग्नानंतर तुमच्या घरी लग्नाचा बार उडणार असेल, तर हॉल ठरवण्याआधी दोघांची रक्ततपासणी उरकून घ्या. मूल हवं असं ठरलं की फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी रोज सुरू करावी, गर्भ राहिल्यावर पहिले तीन महिनेही घ्यावी. फिट, थायरॉइड किंवा साखरेची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. मनानं बंद करू नका.